गच्चीवरचा कॅमेरा

फेब्रुवारी 2023 मध्ये आलिया भट मुंबईतल्या आपल्या घरी दिवाणखान्यात बसली होती. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोघांनी तिचे फोटो काढले आणि ते प्रसिद्धही झाले. तिने इन्स्टाग्रामवर निषेध केला, मुंबई पोलिसांना टॅग केलं. असं काही घडलं की आपल्याकडे दोन सूर हमखास निघतात. विमानतळावर हीच मंडळी फोटोग्राफरांना बोलावून पोझ देतात, मग घरात तक्रार कसली, हा एक. पापाराझींवर सरसकट बंदी घाला, हा दुसरा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये राहून या वादाकडे पाहताना मला दोन्ही सूर चुकलेले वाटतात. माणूस किती प्रसिद्ध आहे यावर हा प्रश्न सुटत नाही. जागा कोणती होती आणि त्या फोटोत लोकांच्या कामाचं काय होतं, हे विचारावं लागतं.

आपला कायदा कुठे अडतो ते आधी पाहू. चोरून पाहण्याचं किंवा फोटो काढण्याचं कलम तेव्हा भारतीय दंड विधानात 354 क होतं, आता भारतीय न्याय संहितेत 77 आहे. पहिल्या गुन्ह्याला 1 ते 3 वर्षं शिक्षा. पण त्यातली 'खासगी कृती' म्हणजे उघडं अंग किंवा फक्त अंतर्वस्त्रं, शौचालयाचा वापर, नाहीतर शरीरसंबंध. घरचे कपडे घालून सोफ्यावर बसलेली बाई त्या व्याख्येत येतच नाही. आणि पीडित म्हणून कलमात फक्त स्त्री आहे, म्हणजे अभिनेता किंवा त्याचा लहान मुलगा बाहेरच राहिले.

जर्मनीतली सुरुवात हॅम्बुर्गजवळच्या फ्रीड्रिक्सरूची आहे. जुलै 1898 मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क तिथे वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर घरात घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. न्यायालयाने तो फोटो रोखला खरा, पण त्यासाठी घरात बेकायदा शिरल्याचा आधार घ्यावा लागला, कारण स्वतःच्या चेहऱ्यावर हक्क सांगणारा कायदाच नव्हता. तो 1907 मध्ये आला आणि आजही लागू आहे. कलम 22 नुसार संमतीशिवाय कुणाचाही फोटो प्रसिद्ध करता येत नाही, मृत्यूनंतरही 10 वर्षं नातेवाइकांची संमती लागते. समकालीन घडामोडींचा अपवाद कलम 23 मध्ये आहे. हा हक्क नटीला आहे तसाच कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यालाही आहे, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. घराच्या आत रोखलेल्या कॅमेऱ्यासाठी जर्मन दंडसंहितेचं कलम 201 अ वेगळं आहे, शिक्षा 2 वर्षांपर्यंत. मात्र तिथे अगदी खासगी आयुष्याला धक्का लागल्याचं दाखवावं लागतं. नुसतं दिवाणखान्यात बसणं त्यात येईलच असं नाही. तेव्हा 1907 चा कायदा कामी येतो.

व्यवहारात आधी वकिलाची ताकीद जाते. पुन्हा छापणार नाही आणि छापलं तर दंड भरेन, असं लेखी वचन मागितलं जातं. ते आलं नाही तर तात्पुरत्या मनाईसाठी न्यायालय. हॅम्बुर्गमध्ये त्यासाठी साधारण 5 आठवड्यांच्या आत यावं लागतं. ज्यांनी वाट पाहिली त्यांची घाई खोटी ठरते आणि अर्ज फेटाळला जातो. शिवाय ज्याच्याबद्दल छापलं त्याला आपलं उत्तर छापून घेण्याचा हक्क आहे: ताबडतोब, फार तर 3 महिन्यांत मागायचं, स्वतःच्या सहीने, मूळ मजकुराहून लांब नको. वर्तमानपत्राने ते पुढच्या अंकात त्याच विभागात, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायचं. बहुतेक उत्तरं फसतात ती मतांना उत्तर दिल्यामुळे, हा हक्क फक्त तथ्यांपुरता आहे. मोनॅकोची राजकन्या कॅरोलिन हिच्या प्रकरणात 1998 मध्ये घटनात्मक न्यायालयाने पहिल्या पानावरच्या मजकुराचं उत्तर पहिल्या पानावर छापायला लावणं योग्य ठरवलं.

पण इथे पडदा टाकून सगळं झाकता येतं असं नाही. टीव्हीवर पोलीस अधिकारी साकारणारा एक नट 2004 मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये कोकेनसह पकडला गेला. हॅम्बुर्गच्या न्यायालयांनी बातमीला मनाई केली, 2012 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती चूक ठरवली. अटक सार्वजनिक जागी झाली होती, सरकारी वकिलांनी दुजोरा दिला होता, आणि तो स्वतः मुलाखतींत खासगी आयुष्याबद्दल बोलत आला होता. विमानतळावरच्या पोझचा मुद्दा इथे खरोखर मोजला जातो. फक्त त्याने सगळी दारं उघडत नाहीत.

याच्या शेजारी 2020 ची मुंबई ठेवा. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर रिया चक्रवर्तीचे व्हॉट्सॲप संवाद रात्रंदिवस टीव्हीवर वाचले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या निकालात चॅनेलांनी काय टाळायचं ते नेमकं सांगितलं: पोलिसांपुढची कबुली दाखवणं, घटनास्थळाची नाट्यरूपं, साक्षीदारांच्या मुलाखती, आरोपीच्या चारित्र्याची चिरफाड. उत्तम निकाल आहे. त्याची आठवण आपल्या वादांत फार कमी वेळा निघते, याचं मला वाईट वाटतं.

त्याऐवजी बोलबाला होतो तो व्यक्तिमत्त्व हक्कांचा. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरचं नाव, आवाज आणि 'झकास'सुद्धा सुरक्षित केलं. ते योग्यच आहे, पण त्या हक्काचा मोठा भाग बाजारभावाचा आहे आणि तो मागायला दिल्लीतला वकील परवडावा लागतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आराध्या बच्चनच्या आजारपणाच्या खोट्या व्हिडिओंवर त्याच न्यायालयाने म्हटलं की मूल सेलिब्रिटीचं असो वा सामान्याचं, त्याचा मान राखलाच पाहिजे. वाढवायचा धागा हा आहे.

चॅनेलांच्या स्वनियमन संस्थेने 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात काही चॅनेलांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी माफी दाखवायला सांगितलं होतं. पण तिची सत्ता सदस्य चॅनेलांपुरतीच. रात्री नऊच्या कार्यक्रमात ज्याच्याबद्दल खोटं सांगितलं गेलं, त्याचं सहीचं उत्तर रात्री नऊलाच, तितकाच वेळ, प्रत्येक चॅनेलने दाखवायचं, असं एक कलम संसदेकडून मागायला हवं.