कागद तुमचा, सही आमची

"कागद आणलेत का?" खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या.

मी फाईल उघडून मार्कलिस्टा, आधार, चलन, कॉलेजचं पत्र असं सगळं पत्त्यांसारखं मांडायला लागलो.

"हे नाही हो. कोरे. ए-फोर. ट्रान्सक्रिप्टची प्रिंट काढायला."

म्हणजे फी भरली मी, अर्जंटची वेगळी भरली मी, दीड तास रांगेत पाय मोडले मी, आणि कागद पण मीच आणायचा. उद्या न्हावी विचारेल, कात्री आणलीय का. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही, एक सरकारी विद्यापीठ म्हणा, अजून माझं काम त्यांच्याकडे अडकलंय.

बाहेर पडलो. सिंहस्थ २०२७ ला आहे म्हणून रस्ता आत्ताच खोदलाय, तो ओलांडून समोरच्या दुकानात गेलो तर तो म्हणे सुटे कागद देत नाही, रीम घ्या. दोन कागदांसाठी पाचशे कागद काखेत मारून परत आलो. नंबर गेलाच असणार असं वाटत होतं, पण एका काकांनी धरून ठेवला होता.

आता या काकांबद्दल सांगायलाच पाहिजे. निफाडकडचे, द्राक्षवाले. मुलीच्या मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी चौथी खेप. पहिल्या तीन खेपांत शहाणे झालेले, त्यामुळे चौथ्या खेपेला पिशवी भरूनच आलेले. पिशवीत डिंक, टाचण्या, स्टॅम्प पॅड, कार्बन पेपर, एक एक्स्टेन्शन बोर्ड ("तिकडचा प्लग ढिला हाये, पंखा लावला की प्रिंटर बंद पडतो") आणि मुख्य म्हणजे स्टेपलर. हा स्टेपलर सुतळीने त्यांच्या शर्टाच्या काजाला बांधलेला होता. का, तर मागच्या वेळचा आत गेला तो परत आलाच नाही.

त्यामुळे होत काय होतं, की आतून मॅडमनी "काका, स्टेपलर!" अशी हाक मारली की स्टेपलर खिडकीतून आत जायचा आणि सुतळी जेमतेम हातभर असल्यामुळे काकाही जायचे, छातीपर्यंत. मागे धोतर आणि चपला तेवढ्या बाहेर. मॅडम टाचण मारायच्या, काका आतल्या आत "अजून एक मारा, कोपऱ्याला" असं सांगायचे, मग काका आणि स्टेपलर दोघं मागे सरकायचे. माझ्यादेखत सहा वेळा. एकदा तर मॅडम फोनवर बोलत बोलत स्टेपलर घेऊन शेजारच्या टेबलाकडे वळल्या आणि काका दाव्याच्या वासरासारखे खिडकीतून ओढले गेले, "अहो ताई, गुंडी! गुंडी!" रांगेतली पोरं व्हिडिओ काढत होती, पण काकांना त्याचं काही नाही. त्यांचा चेहरा एखाद्या विभागप्रमुखासारखा.

मी म्हटलं, काका, हे सगळं विद्यापीठाने आणायला पाहिजे ना?

"पैसा कुठंय भाऊ त्यांच्याकडं? सरकारची छाटणी चाललीय." मग त्यांनी मला छाटणी समजावली. द्राक्षाला छाटणी दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. "पण छाटल्यावर डोळे फुटायला पेस्ट लावावी लागती, खत द्यावं लागतं, पाणी द्यावं लागतं. नुसती कात्री चालवून घड लागत असते तर आम्ही गावात न्हावीच बोलावला नसता का? ह्यांनी खरड छाटणी केली, पाणी तोडलं, आणि आता घड का लागंना म्हणून कमिटी बसवली."

मला तर हे कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा पटलं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात परत तेच ६ टक्के लिहिलंय. ५४ वर्षं एकाच विषयात एटीकेटी! आम्हाला तर दोन विषय राहिले की घरी जेवण बंद व्हायचं.

मग चालतं कसं? तर जागा रिकाम्या ठेवायच्या, तासावर मास्तर नेमायचे, सेल्फ फायनान्सचे कोर्स काढायचे, परीक्षेची फी, पुनर्मूल्यांकनाची फी, लेट फी, सुपर लेट फी. कॉलेजांकडून संलग्नतेचे पैसे घ्यायचे, तर त्याच्यावरही १८ टक्के जीएसटी लागतो असं जीएसटी कौन्सिलने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. सरकारने एका हाताने देताना आखडायचं आणि दुसरा हात लगेच पुढे. आपल्याकडच्या कायद्याचं नावच मुळी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. सार्वजनिक म्हटलं की आपल्याकडे काय येतं? वर्गणी. गणपती सार्वजनिक, विद्यापीठ पण सार्वजनिक. फक्त इथे प्रसाद मिळत नाही.

खरं सांगतो, मला भांडायचं होतं. दीड तास मनात वाक्यं जुळवत होतो. पण मॅडमकडे तीन टेबलं होती, पात्रता, परीक्षा आणि आवक-जावक, तिन्ही पाट्या एकाच खिडकीला. त्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची, बाराव्या महिन्यात ब्रेक, मग परत पहिल्यापासून. हे त्यांनीच सांगितलं, माझ्या रिमचा कागद प्रिंटरमध्ये घालता घालता. आता अशा बाईवर ओरडायचं कसं? सरकारने भांडायला सुद्धा पर्मनंट माणूस ठेवलेला नाही. आणि ज्याच्यावर ओरडायचं तो मुंबईला बसतो, तिथे खिडकी पण नसते. याचाच जास्त राग येतो, घरी येऊन मी तो बायकोवर काढला, कांदा का कमी चिरलाय म्हणून. ती म्हणाली, बजेट.

तर प्रिंट निघाली. म्हणजे निघता निघता टोनर संपला, अर्धी विद्यापीठाची मुद्रा काळी आणि अर्धी इतकी फिकी की डोळे बारीक करून बघावी लागते. सही पंधरा दिवसांनी, कारण साहेबांकडे दुसऱ्या एका पदाचा अतिरिक्त कार्यभार आहे आणि ते तिकडे असतात.

मी रीम उचलायला लागलो तशा मॅडम जरा ओशाळून म्हणाल्या, "एवढे कागद घरी काय करणार तुम्ही? ठेवून जाता का?"

ठेवले. मराठी माणूस असल्यामुळे पावती मागितली. पावतीबुक संपलेलं. मग त्यांनी माझ्याच रिममधला एक कागद काढला, त्यावर हाताने लिहिलं, "कागद मिळाले", काकांच्या पॅडवर शिक्का टेकवून मारला, चलनाला जोडायला काका परत एकदा छातीपर्यंत आत गेले.

निघताना काकांनी पाठीवर हात ठेवला. "पुढच्या वेळी येताना पिना आणा भाऊ. दहा नंबरच्या. माझ्या संपत आल्यात."

आज सकाळी घेतल्या. दोन डब्या घेतल्या, एक काकांना.