क्रिस्टी रिंग : पदकांपलीकडचा खेळाडू

हर्लिंग या काठी-चेंडूच्या पारंपरिक आयरिश सांघिक खेळातले खेळाडू क्रिस्टी रिंग यांच्यावरील एका लेखात मी वाचले, त्यात १९४१ ते १९५४ दरम्यान कॉर्क संघाकडून त्यांनी मिळवलेल्या आठ अखिल-आयर्लंड विजेतेपदांची नोंद आहे. मात्र हर्लिंग हा हौशी खेळ असल्यामुळे हा असामान्य खेळाडू पोटापाण्यासाठी तेल कंपनीची लॉरी चालवत असे, याचाही उल्लेख व्हायला हवा होता. १९४६ च्या अंतिम सामन्यात किल्केनीविरुद्ध, कर्णधार असताना, चेंडू काठीच्या पात्यावर तोलत, बचावपटूंना चुकवत त्यांनी केलेला गोल मला त्यांच्या सर्व पदकांहून मोठा वाटतो, कारण धावत्या पायांनी तो तोल सांभाळायला किती वर्षांचा सराव लागत असेल! मन्स्टर प्रांताकडून त्यांनी रेल्वे कप या आयरिश प्रांतांमधील स्पर्धेची अठरा पदकेही जिंकली.