नबुखद्नेस्सर देवाचा सेवक होता, मग?

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. मामा बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय टाकतात, की देवाने नेमल्याशिवाय कोणी सत्तेवर बसत नाही, तेव्हा सरकारविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं. मावसबहीण लगेच चिडून लिहिते की देवाला राजकारणात ओढू नका. मी जर्मनीत बसून हे वाचते आणि यावेळी म्हटलं नीटच लिहावं.

मामांचं पहिलं वाक्य मी मनापासून मानते. सत्ता देवाच्या हाताबाहेर नाही, येशूनेही रोमी सुभेदार पिलाताला तोंडावर सांगितलं की तुला हा अधिकार वरून दिला नसता तर माझ्यावर तुझं काही चाललं नसतं. पण "म्हणून गप्प बसा" हे मामांनी जोडलंय, ते पवित्र शास्त्रात मला सापडत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला चक्क "माझा सेवक" म्हणतो, आणि हा तोच राजा ज्याच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं! त्याच अध्यायात पुढे येतं की 70 वर्षं भरली की बाबेलच्या राजालाही त्याच्या पापाचा जाब द्यावा लागेल. यशयाच्या 10 व्या अध्यायात अश्शूरचं साम्राज्य ही देवाच्या रागाची काठी आहे, पण काठीला गर्व चढला तेव्हा तिलाही शिक्षा झाली. पारसाचा राजा कोरेश तर देवाला ओळखतही नव्हता तरी त्याला अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेला, म्हटलंय. म्हणजे देवाने एखाद्याला वापरलं याचा अर्थ देवाला तो माणूस किंवा त्याचं वागणं पसंत आहे असा होत नाही, एवढी साधी गोष्ट आपण का विसरतो?

इथे आल्यावर मला हे जास्त कळलं. इथे मला मतदानाचा हक्क नाही, भारताचं मत द्यायचं तर विमानाने जाऊन मतदान केंद्रावर उभं राहायला लागतं, म्हणजे दोन्हीकडचं सरकार मी न निवडलेलंच. म्हणून बाबेलला नेलेल्या यहुद्यांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र मला स्वतःला आल्यासारखं वाटतं, त्यात तो सांगतो की तुम्हाला नेलंय त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बघा म्हणजे त्यासाठी झटा, राजाचे गोडवे गा असं त्यात कुठेच नाही.

आणि ज्या देशात मी राहते तिथे याच 13 व्या अध्यायाने घात केलाय. हिटलर आला तेव्हा कितीतरी पाळक म्हणाले की हा देवानेच दिलेला नेता आहे. त्याला उत्तर म्हणून मे 1934 मध्ये वुपर्टालच्या बार्मेनमध्ये काही चर्चचे लोक जमले आणि एक जाहीरनामा काढला, त्याचा मुख्य लेखक ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक कार्ल बार्थ. न्याय आणि शांती राखायचं काम देवाने राज्याला दिलंय हे त्यांनी मान्य केलं, पण माणसाच्या आख्ख्या जगण्यावर राज्याने ताबा सांगावा हे साफ नाकारलं. मला हीच ओळ बरोबर वाटते. तरी त्या जाहीरनाम्यात यहुद्यांबद्दल एक शब्द नव्हता, आणि बार्थने पुढे ती आपली चूक होती असं कबूलही केलं. चर्चच्या स्वातंत्र्यासाठी उभं राहणाऱ्यांनाही शेजाऱ्याबद्दल बोलायला जमलं नाही, हे मला फार लागतं, कारण आपल्या ग्रुपवरही चर्चवर काही आलं की सगळे जागे होतात, दुसऱ्यावर आलं की 13 वा अध्याय.

मामा, राग मानू नका, पण तो अध्याय लिहिणाऱ्या पौलाचंच बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी निरोप आला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय सगळ्यांसमोर मारलंत आणि आता चोरून बाहेर काढता होय, ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी खरंच आले, त्यांची समजूत घातली आणि स्वतः बाहेर घेऊन गेले. रोमकरांस पत्र त्याने याच्यानंतर काही वर्षांनी लिहिलं.