संहिता कागदावर नसली म्हणजे लेखन नसतं का?

नमस्कार,

कोकणात घडणाऱ्या मालिका आणि सिनेमे लेखनात मार खातात, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही कुडाळहून लिहिलेली लांब आणि तिखट प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : दशावताराला, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, लिखित संहिता नसते, तरी माणसं पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत, म्हणजे खेळ नटाच्या जिवावर उभा राहतो. मालिका टीआरपीमुळे बिघडतात, त्यासाठी लेखकाला बोल लावणं अन्यायाचं आहे. गावातला प्रेक्षक लाल माती, ओळखीचे चेहरे आणि मालवणी बोलीसाठी बसतो, लेखनाची चिकित्सा ही शिकल्या-सवरलेल्यांची चैन. आणि शेवटी तुमचं आव्हान : निव्वळ लेखनावर तरलेला एक तरी कोकणातला सिनेमा दाखवा.

दशावताराचा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलते.

रंगपटात, म्हणजे नट रंगून तयार होतात त्या जागी, काय चालतं ते तुम्हीही पाहिलं असेल. पेटाऱ्याची पूजा होते, मंडळी आपापला रंग लावायला बसतात आणि जाणता नट त्या रात्रीचं आख्यान सांगायला घेतो. राजा कोण, राक्षसाला वर कुणी दिला, त्या वराला अट काय, राणीवर आळ कोण घेतो, नारद कुठे शिरतो, युद्ध कशावरून लागतं, शेवट कशाने होतो. कुणामागून कुणाचा प्रवेश, हेही तिथेच ठरतं. कागदावर एक ओळ नसते, पण गोष्टीचा सांगाडा पक्का झालेला असतो. रंगमंचावर उत्स्फूर्त असतं ते बोलणं. तुम्ही त्या बोलण्यालाच लेखन धरलंत आणि ते लिहिलेलं नाही म्हणून लेखनच नाही असं ठरवलंत. माझ्या मते लेखनाचं खरं काम रंगपटातच होऊन गेलेलं असतं.

आता त्या सांगाड्याची करामत बघा. राजाने दिलेलं वचन मोडता येत नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून राजपार्टी नट वचन द्यायला वेळ लावतो, पखवाज त्याला धरून राहतो आणि जत्रेत पोर मांडीवर घेऊन बसलेली बाई मनात म्हणत असते की नको देऊ रे वचन. ती घालमेल नटाच्या गळ्यातून येते हे खरं. पण वचनाचा अर्थ आधी ठरलेला नसता, तर त्या गळ्याने काय केलं असतं? दशावतारातले नामवंत नट लोकराजा सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले. त्यांच्यासारखा नट तुम्ही म्हणता तसा रात्र पेलायचा, यात वाद नाही. पण त्यांना रंगमंचावर पाऊल टाकताना ठाऊक असायचं की हा राजा पहाटेपर्यंत कुठे पोचणार आहे. रात्र संपते, दहीकाला होतो, गोष्ट पुरी होते. हल्ली ट्रिकसीनचा, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कारिक दृश्यांचा, बोलबाला आहे आणि मलाही ते बघायला आवडतात, पण कथानक पोकळ असलं की ट्रिकसीन होताच लोक चहाच्या टपरीकडे उठतात.

मालिकेतल्या नटाच्या नशिबात हे पहाटेचं ठिकाण नसतं. आपण खलनायिका साकारतोय की पुढे पश्चात्ताप होणारी सासू, हे तिला तीन महिन्यांनी कळणार असतं. मग ती प्रत्येक वाक्य दोन्हीकडे चालेल अशा बेताने बोलते आणि आपण म्हणतो, अभिनयात दम नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली. सुरुवातीलाच घरातले वडील अण्णा नाईक मरतात, मुलं वाड्यावर गोळा होतात आणि मालमत्तेवरून घर आतून कुरतडलं जाऊ लागतं. भुताच्या आधी तिथे हाव आहे, म्हणून भीती खरी वाटली. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो काळात मागे गेला, अण्णा जिवंत असतानाचा. या माणसाचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक होता. तरी, माझ्या मते त्यामुळेच, लोक खिळून राहिले, कारण प्रत्येक प्रसंगात तो आपला शेवट कसा जवळ आणतोय हे दिसत होतं. अण्णा साकारणाऱ्या माधव अभ्यंकरांचा अभिनय थोर होताच. पण शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत तो अभिनय झाला, ही सोय दशावतारातल्या राजासारखीच आहे.

टीआरपीबद्दल तुमचं माझं फारसं भांडण नाही. अर्ध्या तासातल्या साधारण बावीस मिनिटांसाठी आठवड्याचे पाच-सहा दिवस सीन पुरवायचे, आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आलेली, गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की ट्रॅक, म्हणजे कथेची दिशा, बदला असा निरोप, पटकथा एकाची आणि संवाद दुसऱ्याचे. या रगाड्यात लेखकाची काय अवस्था होते ते मला कळतं आणि त्याच्याबद्दल मला कळवळा आहे. पण ट्रॅक बदलणं हासुद्धा लेखनाचाच निर्णय असतो, फक्त तो लेखकाच्या हातातून काढून घेतलेला असतो. एक वाक्य बोलून मिटणारा गैरसमज जेव्हा महिनाभर मिटत नाही, तेव्हा मोडलेलं असतं ते लेखनच. ते कुणी मोडलं, हा पुढचा प्रश्न.

गावातल्या प्रेक्षकाला लेखन कळत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. आमच्या वाडीतल्या बायका संवादलेखकाचं नाव वाचत नाहीत. पण प्रमाण मराठीत लिहून वर ‘मेल्या’, ‘झिला’ पेरलेलं वाक्य आलं की पहिल्या झटक्यात म्हणतात, “आमच्यात असा कोण बोलता?” ही समीक्षाच आहे. पडद्यावरचा आंबा बागायतदार ऐन एप्रिलात दिवसभर ओटीवर कारस्थानं करत बसतो. त्याला माकडांची चिंता नाही, तोडणीला गडी मिळत नाहीत याची नाही, वाशीला पेट्या कधी जाणार याचीही नाही. ज्याच्या घरी बाग आहे त्याला हे लगेच खटकतं. आणि खरं नाट्य तर आपल्या आजूबाजूला पडून आहे. सातबारावर वीस-बावीस नावं, निम्मी मुंबईत, एका चुलत्याची सही मिळत नाही म्हणून घराचं छप्पर दुरुस्त होत नाही, आणि गणपतीत सगळे त्याच गळक्या छपराखाली एका पंगतीला. सही न देणारा चुलता आरतीला सर्वांत पुढे. कुणी खलनायक नाही आणि प्रत्येकाचं काहीतरी बरोबर आहे. हे लिहायला बसेल असा लेखक मी शोधते आहे.

बोलीवरच सगळं तरतं असंही नाही. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० मध्ये आलं आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. त्यानंतर मालवणीत बरंच काही आलं, पण त्यातलं किती टिकलं? गावकऱ्यांनी नाटक बसवताना प्रत्येकाचा मान आणि प्रत्येकाचा हट्ट कुठे आडवा येतो, हे गवाणकरांनी नेमकं हेरलं होतं. त्यात काम करणाऱ्या मच्छिंद्र कांबळींना त्यामुळे खेळायला मैदान मिळालं.

आता तुमचं आव्हान. माझं उत्तर ‘श्वास’. माधवी घारपुरे यांच्या कथेवर संदीप सावंत यांनी केलेला, २००४ मध्ये पडद्यावर आलेला सिनेमा. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं ते याला. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या इलाजासाठी पुण्याला नेतात. कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. सामान्य पटकथेने इथे पोरगा वाचेल का, यावर शेवटपर्यंत ताणलं असतं. हा सिनेमा तो प्रश्न लवकर बाजूला ठेवतो आणि जास्त अवघड प्रश्न हातात घेतो : त्या पोराला हे सांगायचं कसं, आणि कुणी? तिथून पुढे डॉक्टर, समाजसेविका, आजोबा, सगळ्यांचं बोलणं आणि गप्प राहणं या एका प्रश्नाभोवती फिरतं. ऑपरेशनआधी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात आणि त्याला शहर दाखवतात. तो प्रसंग आपल्याला पिळवटतो, कारण हे त्याचं शेवटचं बघणं आहे हे आपल्याला माहीत असतं. आजोबा झालेले अरुण नलावडे आणि नातू झालेला छोटा अश्विन चितळे यांनी सोनं केलं, पण ती जागा त्यांना पटकथेने दिली.

तुम्ही तो पाहिला असेल तर पुन्हा एकदा पाहा, फक्त कुणाला काय कधी कळतं एवढ्यावरच नजर ठेवून. त्यानंतरही अभिनय हेच मूळ कारण आहे असं वाटलं तर सविस्तर लिहा, मी वाचेन आणि उत्तरही देईन.