ट्रेझर हंटमध्ये धावणारे दिसतात, क्लू दिसत नाही

टीव्हीवर खजिना शोधायची स्पर्धा लागली की पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं, बनवणाऱ्यांनी मेहनत क्लूवर घेतलीय की कॅमेऱ्यावर. टीम पाकीट फाडते, एक जण दोन ओळी भराभर वाचतो, संगीत चढतं आणि पुढच्या शॉटमध्ये सगळे पळत असतात. उत्तर कसं काढलं ते नाही दाखवत. आपल्याला घरबसल्या ते सुटलं असतं का, हे तर कधीच कळत नाही. मग उरतं काय? घाम, भांडण आणि चुकलेली टॅक्सी.

क्लू हाच या खेळाचा जीव आहे आणि तो प्रेक्षकाला खेळाडूच्या बरोबरीनं मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर १९८२ च्या डिसेंबरात 'ट्रेझर हंट' सुरू झालं. दोन स्पर्धक स्टुडिओत नकाशे आणि संदर्भग्रंथ घेऊन बसायचे, निवेदिका हेलिकॉप्टरमधून त्यांच्या सांगण्यावरून फिरायची, पंचेचाळीस मिनिटांत पाच क्लू. पळायचं काम एकीचं, विचार बाकी सगळ्यांचा, घरच्या प्रेक्षकांचासुद्धा. २००१ साली अमेरिकेत 'द अमेझिंग रेस' आली. तिची रचना उत्तमच आहे, पण तिथलं पाकीट बहुतेक वेळा कुठे जायचं आणि काय करायचं एवढंच सांगतं. ती शर्यत आहे आणि तसंच नाव लावते, त्याबद्दल तक्रार नाही. २००६ मध्ये एनबीसीनं तीन-तीन जणांच्या टीम घेऊन 'ट्रेझर हंटर्स' केलं, कोडी, सांकेतिक लिपी, इतिहास असं सगळं घालून. एका सीझननंतर ते पुढे आलं नाही.

आता गोव्याकडे येऊ. इथे क्लब, कॉलेजं, ऑफिसं हौसेनं ट्रेझर हंट काढतात आणि त्यात टीव्हीचीच नक्कल चालते. किनारा, किल्ला, सेल्फी, पुढचा किनारा. ज्या भूमीवर खऱ्याखुऱ्या क्लूवरून खरा शोध लागलाय, तिथे हे बघवत नाही.

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन मठाच्या पडक्या अवशेषांत काय झालं ते बघा. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली शिराझमध्ये इराणच्या शहा अब्बासच्या हुकमानं ठार मारण्यात आलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतल्या काही १६२७ मध्ये गोव्याला आणल्या. पोर्तुगीज कागदांत जागा लिहून ठेवली होती: मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये (पाद्र्यांच्या सभागृहाच्या प्रार्थनागृहात), एपिसल बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. तीन खुणा, तिन्ही स्पष्ट. पण १८३५ नंतर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये बुरुजाचा मोठा भाग गेला. खिडकीच उरली नाही तर दुसरी कुठली म्हणायची? आधी चॅप्टर चॅपेल नेमकं कुठलं हे ठरवावं लागलं. जॉर्जियाचे अभ्यासक १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येत राहिले, पुरातत्त्व खात्यानं ढिगारा उपसत आणला आणि २००५ च्या सुमारास अस्थी हाती लागल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं डीएनए तपासला, तेव्हा मातृवंशाची खूण यू१बी निघाली, जी भारतात सापडत नाही. २०२१ मध्ये अस्थींचा काही भाग जॉर्जियाला देण्यात आला.

क्लू लिहिणाऱ्यानं हे प्रकरण पाठ करावं. एपिसल बाजू म्हणजे वेदीकडे तोंड केल्यावर उजवा हात. नुसतं 'उजव्या बाजूला' लिहिलं असतं तर वेदीकडून पाहणाऱ्यानं समोरच्या भिंतीशी खणलं असतं. आपल्या हंटमध्ये 'देवळाच्या उजवीकडे वळा' असं लिहितात आणि निम्म्या गाड्या भलतीकडे जातात, ते याच चुकीमुळे. उजवं-डावं लिहायचंच असेल तर कुणाचं तोंड कुठे, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. त्याहून बरं म्हणजे दिशा द्या किंवा न हलणारी खूण द्या: नदीच्या अंगाला, पिंपळाच्या बाजूला.

चांगला क्लू कसा असतो त्याचा नमुना देते. "आम्ही झुआरी ओलांडून आलो. मी कुशस्थळीचा, ती केळशीची, दुसरी वेर्ण्याची. शेजारचा मात्र जागचा हलला नाही. त्याच्या तळीवर या." पोर्तुगीज काळात मूर्ती हलवल्या हे ज्याला माहीत आहे, तो मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा आणि म्हार्दोळची म्हाळसा ओळखतो आणि बांदोड्याच्या नागेशीला पोचतो, कारण ते देऊळ मूळ जागीच आहे, १४१३ चा शिलालेखही तिथे आहे. शब्द कसे तोलावे लागतात बघा. झुआरीचा उल्लेख काढला तर महाराष्ट्रातून आलेली टीम केळशी म्हणजे दापोलीजवळची धरते आणि तिथेच अडकते. 'शेजारचा' हे पुल्लिंग नसतं तर बांदोड्यातलीच महालक्ष्मीही उत्तरात बसू शकली असती. एका क्लूला दोन उत्तरं निघणं हा सगळ्यांत मोठा दोष. अवघड क्लू माफ होतो, दुटप्पी होत नाही.

आता कुणीही म्हणेल, फोनवर विचारलं की मिनिटात उत्तर येतं. येतं. म्हणून क्लूचे दोन भाग हवेत. पहिला जागा ओळखायचा, तो फोननं सुटला तरी हरकत नाही. दुसरा त्या जागेवर उभं राहूनच सुटणारा: पाटीवरच्या तिसऱ्या ओळीतला शब्द, खांबावरची आकृती, दारावरचा आकडा. दोन्ही जोडल्याशिवाय पुढची जागा मिळता कामा नये. पणजीत आबे फारियाचा पुतळा आहे. फ्रेंच लेखक ड्यूमानं 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीत कैद्याला खजिन्याचा पत्ता सांगणारा म्हातारा याच कांदोळीच्या माणसाच्या नावानं उभा केला. पहिल्या भागासाठी यापेक्षा सुंदर धागा गोव्यात शोधून सापडायचा नाही. दुसरा भाग मात्र तिथे जाऊन, पुतळ्याभोवती फिरूनच लिहायचा.

मोजायला सांगणार असाल तर जपून. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या चार जणांना मोजायला लावा, चार आकडे येतील, कारण मधले सपाट टप्पे कुणी धरतो, कुणी सोडतो. त्या आकड्यावर पुढचा क्लू बेतला असेल तर अख्खी स्पर्धा तिथे कोलमडते. खिडक्या, तोफा, खांब मोजायला द्या. जे धरायचं की नाही असा प्रश्नच पडत नाही, ते. आणि दोन दिवस आधी, स्पर्धेच्याच वेळेला, सगळा मार्ग पुन्हा फिरून या. पाटी रंगवलेली असते, मांडव पडलेला असतो, शुक्रवारी म्हापशात बाजार भरलेला असतो. किनाऱ्यावरची खूण असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, गेल्या रविवारी कोरडा असलेला खडक या रविवारी त्याच वेळी पाण्यात असू शकतो. फेरीबोटीवर क्लू ठेवणं मजेचं वाटतं, पण एक बोट चुकली तर टीमचा दोष नसताना वेळ जातो. तो वेळ वजा करणार नसाल तर फेरी टाळा.

वेळेचं गणित आधी कागदावर मांडा. तिसवाडी ते फोंडा असा चाळीस किलोमीटरचा मार्ग, आठ क्लू. ताशी पंचवीसच्या सरासरीनं गाडीचे जवळजवळ शंभर मिनिटं, क्लू सोडवायला सात-सात मिनिटं म्हणजे छपन्न, उतरून शोधायला पाच-पाच म्हणजे चाळीस. सव्वातीन तास झाले. चार तासांची मर्यादा ठेवा. वीस गाड्या तीन-तीन मिनिटांच्या अंतरानं सोडल्या तर पहिली आणि शेवटची यांत सत्तावन्न मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे शेवटच्याला अंधार गाठतो. त्यापेक्षा चार गट करून चौघांना वेगळा क्रम द्या. गर्दीही होत नाही आणि पुढच्या गाडीचा नुसता पाठलाग करून जिंकताही येत नाही.

'जो आधी पोचेल तो जिंकला' हा नियम गोव्याच्या रस्त्यांवर ठेवूच नये. वाड्यांतून जाणारे रस्ते अरुंद, वळणावर स्कूटर, शाळेतून सुटलेली मुलं. गुण बरोबर उत्तराला द्या आणि प्रत्येक टप्प्याला किमान वेळ ठरवून त्याच्या आत पोचणाऱ्याचे गुण कापा. हा एक नियम घातला की गाडी हाकायचा मोह आपोआप उतरतो. अडकलेल्या टीमसाठी प्रत्येक क्लूबरोबर एक सीलबंद मदतीचं पाकीट द्या. उघडलं तर ठरलेले गुण गेले, पण खेळ चालू राहिला. तीन क्लूंनंतर चिडून घरी गेलेली टीम हे आयोजकांचं अपयश आहे.

तपासणी अशी करा. ज्यांना काहीच माहीत नाही अशा तीन वेगवेगळ्या लोकांना क्लू द्या, त्यांत एक गोव्याबाहेरचा हवाच. शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. दहा मिनिटांत तिघांनाही सुटला नाही तर क्लू बदला. एकालाच सुटला तर त्याच्याकडे अशी कोणती माहिती होती जी इतरांकडे नव्हती ते विचारा आणि ती क्लूमध्ये घाला.

जागेचा मान ठेवा. फोंतेन्हासमधली घरं लोकांची राहती घरं आहेत, फोटो काढणाऱ्यांनी ते रहिवासी आधीच वैतागलेत. वीस टीमना त्यांच्या दारात उभं करू नका, गल्लीच्या टोकाशी क्लू संपवा. देवळात आरतीची वेळ आणि चर्चमध्ये मिसाची वेळ सोडा, समितीला आणि पाद्रींना आधी भेटून तारीख सांगा. चिऱ्याच्या भिंतीच्या भोकात काही लपवू नका, तिथे गांधीलमाश्या आणि साप असतात. संरक्षित स्मारकात तर खणायचंच नाही. मुळात जमिनीत काही पुरण्याची गरज काय? १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची दडलेली वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. खजिन्याच्या जागी लॅमिनेट केलेलं टोकन एका माणसाच्या हातात ठेवा आणि बक्षीस व्यासपीठावर द्या.

बक्षीस देण्याआधी अर्धा तास मात्र राखून ठेवा. आठही क्लू पडद्यावर लावा, प्रत्येकाचं उत्तर कसं निघतं ते पायरी-पायरीनं सांगा आणि कुणाचं दुसरं उत्तर तितकंच बसत असेल तर तिथल्या तिथे त्याला पूर्ण गुण द्या. टीव्हीवाल्यांनीही भागाच्या शेवटी एवढं दाखवावं: कागद, त्यावरच्या ओळी आणि सोडवणाऱ्याचं बोट कुठल्या शब्दावर थांबलं ते.