‘कोर्टाने सांगितलंय, बंदूक जमा करू नका’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी घरातला परवाना उघडून वाचा

‘शेतकरी बांधवांनो, जागे व्हा’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे. निवडणुकीत बंदूक जमा करायची गरज नाही, हायकोर्टानेच तसं सांगितलंय. पोलीस घरी येऊन ‘बंदूक दाखवा’ म्हणू शकत नाहीत. परवाना घराण्याचा असतो, वडिलांनंतर तो मुलाकडे आपोआप येतो. नूतनीकरण राहून गेलं तर दंड भरला की मिटलं. शेतीसंरक्षणाची बंदूक असली की रानडुक्कर मारायला कुणाला विचारावं लागत नाही. आणि शेवटी, कर्नाटकातल्या कूर्गमध्ये परवानाच लागत नाही, मग आम्हालाच का छळता?

एरवी मी अशा मेसेजांच्या वाटेला जात नाही. पण हा माझ्या थोरल्या काकांनी खरा मानला. काजूच्या बागेसाठी परवाना काढून घेतलेली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक त्यांच्याकडे आहे, वय सत्तरीच्या पुढे. ‘कोर्टानच सांगल्यानी हा, आता बंदूक जमा करुची नाय,’ असं त्यांनी मला फोनवर ठणकावून सांगितलं. मागून चुलतभाऊ म्हणाला, ‘तशी पण आता मीच वापरतंय ती.’ निवडणुकीचं राहू द्या, मला घाम फुटला तो या दुसऱ्या वाक्याने. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘परवाना घराण्याचा असतो’ हे धादांत खोटं आहे, आणि या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. काकांची परवान्याची पुस्तिका मी काढून बसलो. पहिल्याच पानावर त्यांचा फोटो, त्यांचं नाव, त्यांच्या नावाने पडलेला युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. पुढे शस्त्राचं वर्णन आणि त्याचा क्रमांक. त्यात मुलाचं नाव कुठेही नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ३ सांगतं की ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच शस्त्र बाळगायचं. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला दुसऱ्या कुणी बंदूक न्यायची झाली तर परवानाधारकाचं लेखी पत्र बरोबर लागतं. माझा चुलतभाऊ ती खांद्याला लावून रात्री बागेत फिरतो, तेव्हा कायद्याच्या लेखी तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा माणूस असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं कैद आणि शिवाय दंड अशी आहे. काकाही सुटत नाहीत. ज्याला हक्क नाही त्याच्या हाती शस्त्र देणं हा कलम २९ खाली वेगळा गुन्हा आहे.

हे पुस्तकी वाटत असेल त्यांनी मुंबईतलं दहिसर आठवावं. ८ फेब्रुवारी २०२४ ला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याने नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं पोलीस तपासात पुढे आलं, आणि त्या अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. पिस्तुलाला परवाना होता, पण ते चाललं दुसऱ्याच्या हातून. ‘घरातलंच माणूस आहे हो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बरं, मुलाला बंदूक मिळण्याचा सरळ रस्ता कायद्यात आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमका तोच सांगितलेला नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ त्यासाठीच आहे. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. परवानाधारक वारला असेल तर वारस स्वतः अर्ज करतो. दोन्ही वेळी वारसाची पोलीस चौकशी होते आणि परवाना त्याच्या नावाने नव्याने निघतो. दरम्यान मयताची बंदूक माळ्यावर गुंडाळून ठेवायची नसते. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. आमच्या भागात आजोबा गेले, बाराव्या-तेराव्याची धावपळ झाली आणि बंदुकीचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, अशी घरं आहेत. त्या घरांतले लोक गुन्हेगार नाहीत. पण ‘आपोआप येतो’ हे वाचून ते आणखी दहा वर्षं निवांत बसतील, आणि एक दिवस धाकट्या मुलाच्या नावाने गुन्हा दाखल होईल.

आता निवडणुकीचा मुद्दा. इथे मेसेजात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करा, असा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने दिलेल्या सूचना आहेत. त्या सूचना सांगतात की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी कधी आणि विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सापडलेले, अशांकडे आधी बघावं. काही पोलीस ठाण्यांतून ‘सगळ्यांनी आणून टाका’ असा तोंडी निरोप जातो, तो या सूचनांना धरून नाही. लोकांची चीड मला समजते. डुकरं रात्रभर नाचणी उकरतात, माकडं दिवसाढवळ्या नारळ तोडतात, आणि नेमकी तेव्हाच बंदूक ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून असते. परत येते ती नळीला गंज चढून.

पण म्हणून ‘जमा करू नका, पोलीस आले तर हाकलून द्या’? न्यायालयाने असं कुठेही म्हटलेलं नाही. छाननी होऊन तुमच्या नावाने लेखी आदेश आला की बंदूक जमा करावीच लागते. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यापासून साधारण सात दिवसांत ती ठाण्यात पोचली पाहिजे. नाही पोचली तर आदेश मोडल्याचा गुन्हा नोंद होतो, आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. म्हणजे महिना-दीड महिन्याच्या गैरसोयीवर चिडून माणूस बंदूक कायमची घालवून बसणार. आदेश अन्यायाचा वाटला तर समितीकडे लेखी अर्ज द्या, बागेचा सातबारा जोडा, नुकसानीचे पंचनामे जोडा. परवाना निलंबित केला तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात आणि मागितल्यावर ती सहसा तुम्हाला द्यावीही लागतात. त्यावर कलम १८ खाली अपील आहे. हे सगळं कायद्याने परवानाधारकालाच दिलंय. मेसेज लिहिणाऱ्याला लोकांचा कळवळा असता तर त्याने हे लिहिलं असतं.

‘पोलीस बंदूक दाखवा म्हणू शकत नाहीत’ याचं उत्तर पुस्तिकेच्या मागच्या पानांवर छापलेलं आहे. बंदूक अजून परवानाधारकाच्याच ताब्यात आहे का, याची चौकशी परवाना देणारा अधिकारी केव्हाही करू शकतो आणि त्यासाठी ती हजर करायला सांगू शकतो, ही परवान्याचीच अट आहे. त्याच पानांवर जत्रेत, मिरवणुकीत, सभेत बंदूक नेण्याची मनाईही आहे. सही करताना या अटी कुणी वाचत नाही, ही खरी अडचण. आमच्या वाडीत पोलीस पाटील दारात येऊन ‘पुस्तिका बघा, तारीख काय आलीय’ असं विचारून जातात. त्यांच्या त्या एका फेरीने गुन्हे टळतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्यांना हाकलून काय साधणार?

नूतनीकरणाबद्दल थोडक्यात. परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, त्यामुळे तारीख विसरणं आणखी सोपं झालंय. मुदत संपल्यावर तुमच्याकडे परवाना नसतो, नुसती बंदूक असते, आणि त्याला वर सांगितलेलं कलम २५ लागू शकतं. म्हणून अर्ज मुदतीच्या बऱ्याच आधी द्या आणि पोच घ्या.

रानडुकराचं. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि त्याला मारायचं तर वन विभागाची परवानगी वेगळी लागते. बार काढून हाकलणं वेगळं, नेम धरून मारणं वेगळं. अंधारात नेम धरण्याचं काय होतं ते २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरकडच्या जंगलात दिसलं. डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबतच्या माणसावर गोळी झाडली, आणि तो गेला.

कूर्गचं खरं आहे. कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेने चालत आलेल्या) जमीनधारकांना शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ खाली केंद्र सरकारने सूट दिलेली आहे, सध्या ती २०२९ पर्यंत आहे. ती तेवढ्याच लोकांना आहे, कणकवलीच्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही.

काकांची बंदूक जमा करायला मी स्वतः बरोबर जाणार आहे. ज्यांच्या घरी आदेश आलाय त्यांनीही कुणाला तरी सोबत न्यावं. नेण्याआधी नळी साफ करून तेलाचं बोट फिरवा, बार भरलेला नाही ना ते पाहा. ठाण्यात पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, युआयएन आणि दस्ता-चाप कोणत्या स्थितीत आहेत हे लिहून मागा. निकाल लागून आठवडा झाला की बंदूक परत मिळायला हवी, अशी आयोगाचीच सूचना आहे. नाही मिळाली तर पावतीची झेरॉक्स जोडून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. आणि तीच पुस्तिका बरोबर आहे तोवर, सत्तरी ओलांडलेल्यांनी वारसाच्या अर्जाची चौकशीही त्याच खेपेला करून घ्यावी.