भाकरी कुठल्या रकान्यात गेली?

आमच्या पेठेच्या, तालमीच्या, भिशीच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. "सरकारी सर्वेक्षणानंच सांगितलं! खेड्यातला माणूस धान्यावर खर्चाच्या जेमतेम ५ टक्के घालतो आणि पाकिटातल्या खाण्यावर १०. लोकांनी भाकरी सोडली. मग फुकट रेशन कशाला?" आकडे खोटे नाहीत. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागासाठी ते ४.९१ आणि ९.६२ असे आहेत. पण त्यांचा लावलेला अर्थ साफ चुकीचा आहे.

'भाकरी सोडली' हे आधी घेऊ. टक्के पैशाचे आहेत, ताटातले नव्हेत. त्याच सर्वेक्षणात खेड्यातला माणूस महिन्याला सुमारे साडेनऊ किलो धान्य खातो, म्हणजे रोज ३०० ग्रॅमच्या वर. २०११-१२ मध्ये हे ११ किलोच्या आसपास होतं. घट झालीय, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण रोज पाव किलोहून जास्त धान्य खाणाऱ्यानं भाकरी सोडली, असं कोण म्हणेल?

'पाकिटातलं खाणं' हा तर मेसेज लिहिणाऱ्यानं पदरचा घातलेला शब्द. मूळ रकाना पेयं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा आहे. त्यात बिस्किटं, वेफर्स आहेतच, पण टपरीवरचा चहा आणि विकत घेतलेलं शिजवलेलं जेवणही आहे. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, चढ-उतार करणारा हमाल बघा. सकाळी चहा, मग मिसळ, दुपारी खानावळीत पिठलं आणि दोन भाकरी. त्या दोन भाकरी धान्याच्या रकान्यात येतच नाहीत, 'प्रक्रिया केलेल्या' रकान्यात जातात. त्याच भाकरी बायकोनं डब्यात बांधून दिल्या असत्या, तर ज्वारी धान्यात धरली गेली असती.

आता रेशन. मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथं. अन्नसुरक्षा कायद्याखालचा ३ रुपये किलोचा तांदूळ आणि २ रुपये किलोचा गहू जानेवारी २०२३ पासून मोफत झाला. मेसेजमधल्या ४.९१ टक्क्यांत या मोफत धान्याची किंमत शून्य धरलेली आहे. मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून वेगळा हिशेबही सर्वेक्षणानं दिलाय. त्यात खेड्यातला माणशी मासिक खर्च ३,७७३ वरून ३,८६० रुपयांवर जातो. ज्या रेशनमुळे धान्यावरचा खर्च कमी दिसतो, त्याच कमी खर्चाचा दाखला देऊन रेशन बंद करा म्हणायचं? अंगठा लागेना म्हणून दोन-दोन हेलपाटे घालणाऱ्या म्हातारीला हे तोंडावर सांगून बघा.

मेसेजच्या शेवटी आणखी एक शेपूट आहे: 'सर्वेक्षणं हवीत कशाला, मॉल आणि अ‍ॅपची बिलं तपासा.' आमच्या घरी वर्षभराचा तांदूळ राधानगरीच्या मावशीकडून पोत्यानं येतो, त्यामुळे वाण्याच्या यादीत तांदूळ नसतोच. आमची बिलं बघणारा म्हणेल, ही माणसं भात खात नाहीत. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून प्यायलेल्या धारोष्ण दुधाचं बिल कोण फाडतं? सर्वेक्षणवाले मात्र एकेका घरी तीन खेपा घालतात आणि विकत किती घेतलं, घरच्या शेतातलं किती खाल्लं, फुकट काय मिळालं, हे वेगवेगळं विचारून लिहून घेतात.